कोंबड्यांचा नायटा (पांढरा तुरा)

कोंबडीवर्गीय पक्ष्यांचा तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि क्वचित मानेवरची पिसे यांना जडणारा बुरशीजन्य रोग; शास्त्रीय ग्रंथांत ‘फेव्हस’. त्याच्या बुरशीचे वर्णन फ्रेंच पशुवैद्य मेन्यँ यांनी १८८१ मध्ये केले. पुढे ती ‘मायक्रोस्पोरम गॅलिनी’ म्हणून ओळखली गेली. आता तिचा समावेश ‘लोफोफायटन’ प्रजातीत होतो. ग्रीक भाषेत ‘लोफोस’ म्हणजे तुरा. ‘ट्रायकोफायटन सिमिआय’ ही प्रथम माकडांवर सापडलेली बुरशीही भारतात कोंबड्यांवर आढळली आहे.

सुरुवातीला तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. ते पसरून एकमेकांत मिसळतात आणि जाड, पापुद्र्यांची खपली धरते. कडकनाथ कोंबड्यांच्या काळ्या तुऱ्यावर हा पांढरेपणा चटकन नजरेत भरतो. ही बुरशी केराटिनवर जगते आणि पिसेही केराटिनचीच. म्हणून रोग मानेकडे उतरला की पिसांच्या मुळाशी खपल्या साचून पिसे गळतात. पक्षी सहसा मरत नाही, पण रोग पसरला तर खंगतो.

घरोघरी हा रोग ओळखण्यातच चूक होते. देवीच्या फोडांवर काळपट खपली धरते, खरूज माइट पायांचे खवले उचलते आणि हंगामी पीसगळतीत कातडी स्वच्छ राहते. शंका असल्यास खपली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

सातारा-सांगली भागात महाबळेश्वर, जावळी, पाटणचा मुसळधार पाऊस आणि माण, आटपाडी, जतचा कोरडा पट्टा यांत मोठे अंतर आहे. पण खुराडे कोंदट, तुसाची गादी ओली आणि पक्षी दाटीने असतील, तर बुरशीला कोरड्या तालुक्यातही ओल मिळते. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले होते. असे पाणी ओसरल्यावर भिजलेले तूस पूर्ण काढून नवे अंथरणे अत्यावश्यक असते.

बाधित पक्षी आधी वेगळा करावा. खपली मऊ करून काढावी व पशुवैद्याच्या सल्ल्याने मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोलचे मलम लावावे. प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत; ती उगाच दिल्यास तोंडात व अन्नपिशवीत कँडिडा वाढण्याचा धोका असतो. माणसाला हा नायटा क्वचित होतो, तरी पक्षी हातमोजे घालूनच हाताळावेत.

सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुरा पांढरा दिसताच पक्षी तेथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. खपली मानेपर्यंत उतरण्याची वाट पाहू नये.