साडेचारशे किलोंचा छंद

माणसाला एखादा छंद असावा, असं वडीलधारी मंडळी सांगतात. त्या छंदाचं वजन किती असावं, हे मात्र कोणी सांगत नाही. तिकिटं जमवणाऱ्याचा छंद वहीत मावतो, बासरीवाल्याचा पिशवीत मावतो. माझा छंद टेम्पोतून आला, सोबत चार हमाल घेऊन आला आणि आल्या आल्या पडवीतल्या दोन शहाबादी फरश्या फोडून स्थानापन्न झाला.

मी बँकेत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे जुळवायचे, म्हणून संध्याकाळी हाताला काहीतरी खरं लागावं या हेतूने सुतारकाम सुरू केलं. पहिलं स्टूल केलं. चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकावेत एवढीच माझी अपेक्षा. पण एक पाय तासला की दुसरा लांब वाटायचा, दुसरा तासला की तिसरा. अखेर स्टुलाचा पाट झाला.

"आता रंध्याचं मशीनच घेतो," मी जाहीर केलं.

"घ्या," ही म्हणाली. "निदान पाटाला पाय तरी येतील."

नव्या मशीनची किंमत ऐकून मी जुन्याकडे वळलो. लाकडाच्या वखारींमागे एक मिस्त्री कारखाना बंद करत होते. कोपऱ्यात बिडाचं रंधा मशीन हत्तीसारखं उभं होतं. मी बी. कॉम. असल्यामुळे मनातल्या मनात घसारा काढला. पुस्तकी हिशेबाने त्याची किंमत चहाच्या बिलाइतकी उरली होती. वजन मात्र पहिल्या दिवसाइतकंच होतं. वजनाला घसारा लागत नाही, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

"भंगारवाला किलोवर मागतोय," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही लाकडावर चालवणार असाल साहेब, तर त्याच भावात घेऊन जा. फोडताना बघवायचं नाही मला."

मी घासाघीस करायची ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं नाही.

जुना जड माल घाट चढवून आणणं ही तशी आपली परंपराच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी वर आणल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. भीमाशंकरची तर थेट सह्याद्रीत नेली. त्यांच्याकडे टेम्पो नव्हता. माझ्याकडे टेम्पो होता, पण चिमाजी अप्पा नव्हते.

त्यांच्या जागी हमालांचे मुकादम आले. अंगाने काडी. मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, हे उचलायचं न्हाई. चालवायचं."

आधी मोटर आणि दोन्ही टेबलं उतरवली, म्हणजे ओझं तीन भागांत वाटलं गेलं. मग पहारीने एक कड उचलून खाली दोन वासे सारले, वाशांखाली लोखंडी पाइपांचे तुकडे. मागचा पाइप मोकळा झाला की तो पुढे आणून ठेवायचा. पोरानं पाळण्यातून हात काढावा इतक्या हळू मशीन दारापर्यंत आलं. तिथे तुळईला चेनकप्पी टांगली होती. साखळी ओढली आणि ते धूड हवेत तरंगलं. मी मदत म्हणून खालून हात लावला. मुकादम ओरडले, "साहेब, त्याच्या खाली न्हाई यायचं! ते पडलं तर मशीनला काय होत न्हाई!"

टेम्पोत मिस्त्री माझ्या शेजारी बसले. कप्पी पाहून मला वाचलेलं आठवलं आणि मी सांगू लागलो. लाकूडकामाच्या यंत्रांचा मोठा कारखाना पहिल्यांदा चालला तो कप्प्याच करायला. सॅम्युएल बेंथॅम नावाच्या इंग्रजाने १७९१ आणि १७९३ साली अशा यंत्रांची पेटंटं घेतली. त्याचा भाऊ जेरेमी, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख पाहणारा तत्त्वज्ञ. भावाने यंत्रं मांडली ती या तत्त्वज्ञाच्या लंडनमधल्या घराच्या आवारात. म्हणजे पडवी व्यापण्याचा मान माझा नव्हे! दोघांचा बेत असा, की जेरेमीच्या आदर्श तुरुंगातल्या कैद्यांनी, सुतारकाम न शिकता, ही यंत्रं चालवावीत. तो तुरुंग काही उभा राहिला नाही.

पुढे आरमाराला कप्प्या हव्या होत्या. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार लागत. फ्रान्समधून परागंदा झालेल्या मार्क ब्रुनेलने यंत्रांचे आराखडे केले, हेन्री मॉडस्लेने ती घडवली, तीही लाकडी सांगाड्याची नव्हे तर धातूची. कारण पाती गरगर फिरतात तेव्हा हलकं यंत्र थरथरतं आणि लाकडावर लाटा उठतात. वजन हाच यंत्राचा शहाणपणा. पोर्टस्मथच्या गोदीत अशी ४५ यंत्रं बसली आणि १८०८ साली तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या. ११० कसबी कारागिरांचं काम १० साधी माणसं करू लागली. ब्रुनेलची स्वतःची लाकूडगिरणी मात्र १८१४ साली जळाली आणि १८२१ साली तो कर्जापायी तुरुंगात गेला. कैद्यांसाठी योजलेली यंत्रं, आणि तुरुंगात गेला यंत्रवाला!

या जागी लोक हसतात. मिस्त्री हसले नाहीत.

"आणि ते बाकीचे शंभर?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. ताळेबंदात बचत लिहितात, उरलेली माणसं लिहीत नाहीत.

"हे मशीन आणलं तेव्हा मी चार कारागीर कमी केले," मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाले. "त्यातला एक माझा धाकटा भाऊ. आता लोक तयार फर्निचर घेतात. मशीनही घरी बसलं."

मला बँकेतली माझ्या शेजारची खुर्ची आठवली. कॉम्प्युटर आल्यापासून तिच्यावर फायली बसतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. फरश्या फुटल्या, तिथे जाड कोबा केला. मोटर थ्री फेजची निघाली, घरात सिंगल फेज; म्हणून मोटर बदलली. तिची किंमत मशीनपेक्षा जास्त झाली, ती हिला अजून सांगितलेली नाही. एका रविवारी मिस्त्री आपण होऊन आले. पट्टी लावून दोन्ही टेबलं एका पातळीत आणली, पाती बसवली आणि एक सागवानी फळी सारली. फळीवरून तळहात फिरवला, माझा हात धरून त्यावरून फिरवला. म्हणाले काहीच नाही.

जाताना त्यांना बसायला मी तो पाट दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"साहेब," ते म्हणाले, "पाय कापायचं काम मशीन करील. कुठं थांबायचं, ते रविवारी येऊन मी शिकवतो."

तेव्हापासून दर रविवारी येतात. यंत्राने कमी केलेल्या माणसांपैकी एक तरी, अशा रीतीने, कामावर परत आहे. पगार म्हणून चहा घेतात. बिनसाखरेचा.