गांजा आणि नोंदवहीचा रकाना

गांजाला केवळ औषधापुरती मोकळीक द्यावी की शोकापुरतीही, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. त्यातला एक मोलाचा धडा आपल्याच देशाच्या दप्तरात आहे. बंगालमधील गांजाच्या दुष्परिणामांविषयी १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि सरकारने सात जणांचे कमिशन नेमले. त्याने ११९३ साक्षी घेतल्या. पण त्याहून मोठे काम केले ते नोंदवह्या तपासण्याचे. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत आलेल्या २२२ रोग्यांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिले होते. एकेकाची चौकशी होताच त्यांतली ९८च टिकली. पुष्कळ ठिकाणी केवळ रकाना भरायचा म्हणून कारण लिहिलेले होते! माफक सेवन बहुधा निरुपद्रवी, अतिरेक घातक. म्हणून सरसकट बंदी नको, परवाना व कर असावा, असा कमिशनचा १८९४ चा निर्णय.

पुढे १९८५ च्या कायद्याने गांजा ओढणे गुन्हा ठरवले, औषधी उपयोगाला वाट ठेवली, आणि भांगेची पाने व्याख्येबाहेर राहिली.

आम्ही गांजाचे वकील नव्हे. व्यसनाने उठलेले कामगारांचे संसार आम्ही पाहिले आहेत. पण अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण किती सहज लिहिले जाते, तेही पाहिले आहे. तेव्हा बंदी मागा वा मोकळीक. आधी तो रकाना कोणी भरला, एवढे विचारा.