तळटीप : कबुलीजबाब

* १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने (आता २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३) पोलीस अंमलदारापुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविली असल्यामुळे, बोर्डीच्या एखाद्या चिकूवाडीत पुरलेला कोयता आरोपीने पंचांसमक्ष उकरून दिला, तरी ‘कोयता मी येथे पुरला’ एवढेच विधान पुराव्यात येते. ‘याच कोयत्याने मारले’ हे येत नाही. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण चौकीच्या एकांतात भयापोटी माणूस काय कबूल करील याचा नेम नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळीही निर्दोषत्वाच्या अनुमानास जागा न ठेवणारी हवी, असे पुण्याच्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले. तेथे फाशी रद्द होऊन आरोपी सुटला.