उलाळ गाडी : तोफेच्या शेपटापासून मोटारीमागच्या गोळ्यापर्यंत

११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात स्वतःच्याच हातांनी लोटून दिल्या. राघोबादादांना पुण्यात आणून बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली ही फौज चार हजारांच्या आतली. बैल मात्र १९,००० च्या घरात. बोरघाट चढून आल्यावर ती दिवसाला मैलभरही सरकत नव्हती. पुढे वडगावला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ही हकीकत आपण मराठ्यांच्या गनिमी काव्याच्या अंगाने वाचतो आणि ते रास्तच आहे. परंतु तिला दुसरेही एक अंग आहे. जे ओझे ओढून नेता येत नाही, ते शेवटी टाकून द्यावे लागते. आजचा धागा या ओढण्याविषयी.

मैदानी तोफेच्या गाड्याला दोनच चाके असतात आणि मागे एक लांब लाकडी शेपूट. तोफ डागताना शेपूट जमिनीवर टेकते. कूच करताना ते उचलून दुसऱ्या एका दुचाकी गाडीला अडकवतात. तिला लिंबर म्हणतात. घोडे वा बैल जुंपायचे ते या लिंबरला. म्हणजे मधोमध सांधा असलेली चारचाकी गाडीच ती. पूर्वी लिंबरवर एक उभा खुंट असे आणि शेपटातले भोक त्याच्यावर बसवीत. घाटउतारावर मागचे ओझे जनावरांच्या अंगावर जाऊ नये म्हणून चाकाखाली लोखंडी पायताण घालून ते साखळीने बांधीत.

खरी मेख मात्र सांध्यात नव्हती, भारात होती. हे नेमके हेरले ते फ्रान्सच्या ग्रिबोव्हालने. १७६५ च्या त्याच्या तोफखाना-पद्धतीत लोखंडी आस आले, लिंबरची चाके मोठी झाली, घोडे एकामागे एक न जुंपता जोडीने जुंपले जाऊ लागले. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी खाच. ८ आणि १२ पौंडी तोफांच्या गाड्यांवर नळी बसवण्यासाठी त्याने दोन जागा ठेवल्या : एक मारा करण्यासाठी, दुसरी प्रवासासाठी. कूच करण्यापूर्वी नळी शेपटाच्या दिशेने सरकवायची, म्हणजे सगळा भार तोफेच्याच चाकांवर न राहता त्यातला काही लिंबरवर येई.

आपल्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी ग्रिबोव्हालची गरज नव्हती. मागे जड आणि पुढे हलकी भरलेली बैलगाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून जाणता गाडीवान थोडे वजन धुरेकडे ठेवूनच गाडी भरतो. अगदी पुढेच लादली, तर बैलांच्या माना मोडतात. प्रश्न तोच, उत्तरही तेच.

१७९० च्या दशकात इंग्रजांनी उभ्या खुंटाऐवजी लिंबरला आकडा आणि एकाच ठोकळ्याच्या शेपटाला कडी लावली. कडी आकड्यावर टाकली की तोफ निघाली. वाटर्लूनंतर फ्रेंचांनीही हीच रीत उचलली. ज्यांनी हरवले त्यांच्याकडूनच शिकावे लागले.

मोटार आली आणि वेगाने सगळे गणित बदलले. १९१४ साली डेट्रॉइटचा लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ याने सिब्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मॉडेल टी मोटारीला जोडायची गाडी बनवली. तिचा पुढचा भार मोटारीवरच टेकलेला होता. बैलाच्या चालीने उलाळ गाडी फार तर कलंडते; मोटारीच्या वेगात ती मारक ठरते. मागे जड भरलेला ट्रेलर मोटारीचा पार्श्वभाग वर उचलतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. म्हणूनच साधारण नियम असा की, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा. झोके सुरू झालेच, तर चालकाने करकचून ब्रेक दाबू नये. चक्र सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा.

आकड्यात कडी खडखडते, हिसके बसतात. गोळा मात्र वाटीत घट्ट बसतो आणि तरीही वर, खाली, आडवा असा सर्व बाजूंना वळू देतो. खासगी मोटारींमागे म्हणूनच तो रूढ झाला. गोळा आणि वाटी यांचे माप जुळलेच पाहिजे. अमेरिकेत दोन इंची गोळ्यावर त्याहून मोठी वाटी सहज बसते, बंदही होते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटते. त्या क्षणासाठी जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून लावतात. दांडा सुटला तरी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडतो.

अनेक लष्करी ट्रकांमागे मात्र आजही गोळा नसतो. तेथे आकडा आहे आणि ओढायच्या तोफेला कडी.