तेरच्या मातीतली तारीख

आमच्या घरी २२ रजबला कुंडे होतात. ही रूढी योग्य की अयोग्य, यावर नातेवाइकांत दरवर्षी वाद होतो. पण कुंड्यांसाठी कोरी मातीची भांडी कुंभाराकडूनच आणायची, यावर कोणाचाच वाद नसतो. मोहरमच्या सबीलचे रांजण आणि वजूचे मातीचे बधनेही पूर्वी त्याच्याच चाकावरचे. तरीही वर्गात सातवाहनांचा व्यापार शिकवीत असता एका मुलाने विचारले, "सर, इसमें अपनी तारीख कां है?" उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात. आम्हाला उत्तर सुचले नाही. सुट्टी लागताच लातूरहून मुरूड, ढोकी करीत आम्ही तेरला गेलो.

धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे हे गाव. चैत्र वद्य त्रयोदशी ही गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची पुण्यतिथी. परंपरेनुसार शके १२३९ मध्ये (इ. स. १३१७) त्यांनी इथे समाधी घेतली. ऐन उन्हाळ्यातली ही यात्रा. दिंड्या, टाळ, धूळ, आणि सावलीला टेकलेली माणसे. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने आम्हाला इतक्या आपुलकीने सांगितली, की ती माहीत असल्याचे आम्ही बोललोच नाही.

गाव मात्र गोरोबांहूनही फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर कोणते? कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेर असल्याचे मांडले. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केले. कापड कुजून गेले, गाड्याही गेल्या. जमिनीत राहिली ती मुख्यतः खापरे, आणि त्या काळाची साक्ष खापरांनीच दिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज तिथे आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती पाहत आम्ही तासभर रेंगाळलो. भांडी घडवणाऱ्या एकाचेही नाव कुठल्या पाटीवर नाही. ते असणार तरी कसे?

बाहेर एका कुंभारदादांकडे गेलो. चाकावर उतरलेले कच्चे मडके ते आतून दगडी गोळा धरून, बाहेरून थापटण्याने वाढवीत होते. माती तळ्यातली, तीत राख आणि लीद. माठ खपतो तो उन्हाळ्यातच. मुले चाकावर बसत नाहीत, असे ते हात न थांबवता म्हणाले.

आम्ही दोन कुंडे आणि एक बधना मागितला. कुंडे त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून दिले. एक बद्द वाजला, तो बाजूला ठेवून दुसरा काढला. बधना मात्र नव्हता. मशिदींत नळ आले, मागणी थांबली, तेव्हापासून घडवलाच नाही. "तोटी कुठं बसवायची तेच विसरलो बघा गुरुजी. एखादा जुना आणा, पाहून करतो."

आमच्याकडे बधना उरलेला नाही. मोहल्ल्यातल्या जुन्या घरांतून विचारायला त्या मुलालाच सांगितले आहे.