फलटणचा नातू आणि पन्हाळ्याची भेट

माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला फलटण नवे नाही. चांदोबाच्या लिंबाचे रिंगण होते, तरडगावचा मुक्काम होतो, मग वारी या नाईक निंबाळकरांच्या गावी विसावते. सईबाई राणीसाहेब इथल्याच लेक. म्हणजे संभाजीराजे फलटणचे नातू, बरं का!

जन्म 14 मे 1657, पुरंदरावर. 5 सप्टेंबर 1659 ला आई गेली, तेव्हा लेकरू सव्वादोन वर्षांचं. आजी जिजाऊंनी वाढवलं. 1674 साली त्याही गेल्या. नवव्या वर्षी हे पोर वडिलांबरोबर आग्र्याला जाऊन आलेलं. अंगात धमक होती, विद्या होती. पण बापलेकांत अंतर पडलं. महाराजांनी सज्जनगडावर ठेवलं, तर तिथून डिसेंबर 1678 मध्ये निघाले आणि थेट मोगलांच्या दिलेरखानाला मिळाले. वय एकवीस! ज्या बापानं राज्य उभं केलं, त्याचाच लेक शत्रूच्या गोटात. काय वाटलं असेल हो त्या बापाला?

पुढे 1679 मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातला भूपाळगड पडला. खानानं सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. आपली माणसं ती! राजांनी ते पाहिलं. वर्ष सरता सरता छावणीतून निसटले आणि पन्हाळ्यावर आले.

आता बाप काय करतो बघा. 1680 च्या जानेवारीत महाराज स्वतः पन्हाळ्याला गेले, लेकाला भेटले. सभासदाच्या बखरीत या भेटीची हकिकत आहे. समजूत घातली, पुढच्या राज्याचं बोलणं केलं. पण लगेच सारा कारभार हाती दिला का? नाही. पन्हाळ्यावरच ठेवलं, भोवती जाणती माणसं ठेवली. पुन्हा भेट झाली नाही. 3 एप्रिल 1680 ला महाराज रायगडावर गेले. आणि त्याच लेकानं जवळपास नऊ वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली, 1689 मध्ये देह ठेवला, पण मान तुकवली नाही.

आयाबायांनो, बापांनो, तुमच्याही घरात असेल कुणी पंचविशीतला, तिशीतला. कामात मन नाही, संगत वाईट, कर्ज तुम्ही फेडायचं. दार लावू नका. पण तिजोरीची किल्लीही पहिल्याच दिवशी देऊ नका. पेलेल एवढं काम त्याच्या अंगावर टाका, जाणत्याची सोबत द्या, आणि त्याचं काम तुम्ही करू नका. बाप जन्माला पुरत नसतो.

ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला, तो पुंडलिकही आधी आईबापाला छळणाराच होता, असं कथा सांगते. तोच पुढे आईबापाची सेवा करू लागला. देव कमरेवर हात ठेवून थांबला, सेवा मात्र पुंडलिकानंच केली. तसं थांबता आलं पाहिजे.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!