पेटी जुनी, खेळ जुना, यंत्र नवं

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबांच्या वेळचा एखादा लाकडी रेडिओ असेल. आतले व्हॉल्व्ह केव्हाच निकामी झाले, पेटी मात्र शाबूत. मग घरातला एखादा हुन्नरी मुलगा त्या पेटीत नवा छोटा संच बसवतो आणि आजोबांचा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. आज मला अशाच एका पेटीची हकिकत सांगायची आहे. मात्र ही पेटी रेडिओची नव्हे, खेळाची.

पुरुषभर उंचीचं एक लाकडी कपाट डोळ्यांपुढे आणा. वरच्या बाजूला काचेचा पडदा, कमरेच्या उंचीवर एक दांडा आणि चार-दोन बटणं, खाली नाणं टाकायची फट. नाणं टाकावं आणि पडद्यावरचा खेळ खेळावा. १९७२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका मद्यगृहात अटारी कंपनीनं 'पाँग' नावाचा असा एक खेळ चाचणीसाठी ठेवला. थोड्याच दिवसांत निरोप आला की यंत्र बंद पडलं. तो खेळ ज्यांनी बनवला होता, ते ॲलन अल्कॉर्न जाऊन पेटी उघडतात, तो काय? आतला डबा नाण्यांनी गच्च भरून गेला होता! पुढं १९७८ साली जपानच्या टोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० साली तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला, आणि ही कपाटं देशोदेशी पोहोचली.

पण धंदा म्हटला की नफा-तोटा आलाच. खेळ शिळा झाला की नाणी पडेनात. कपाट, पडदा आणि बटणं तर महागाची. टाकून कशी द्यायची? तेव्हा कपाट तेच ठेवून आतला खेळ बदलायचा, ही युक्ती निघाली. याचं एक नामी उदाहरण निन्टेन्डो कंपनीचं आहे. तिच्या अमेरिकेतल्या शाखेनं 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची सुमारे ३,००० यंत्रं मागवली. त्यांतली हजारभर खपली, उरलेली दोन हजार गोदामात पडून राहिली. शाखा बुडायची वेळ आली. तेव्हा शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराला नवा खेळ रचायला सांगितलं. त्यानं रचलेला 'डाँकी काँग' १९८१ साली त्या पडून राहिलेल्या यंत्रांतच बसवला गेला. कंपनी तर तरलीच, वर तिचं नाव झालं. पण हेही ध्यानात घ्या, की त्या यंत्रांतला मूळ खेळ तिथंच संपला. आज 'रडार स्कोप'चं अस्सल यंत्र शोधून सापडणं कठीण आहे.

१९८५ च्या सुमारास जपानी कारखानदारांच्या संघानं 'जामा' नावाची जोडणी ठरवून दिली. तिला छप्पन्न टोकं असतात. विजेचा दिवा कोणत्याही कंपनीचा असो, तो होल्डरमध्ये बसतो ना? तसंच हे. कोणत्याही कंपनीची खेळाची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, त्याच कपाटात बसू लागली. मालकाची सोय झाली. मात्र काढलेली पाटी बहुधा अडगळीत जाई आणि अडगळीतून भंगारात.

काही पाट्यांचं तर मरणही आधीच ठरलेलं होतं. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या एका मालिकेत खेळाचा मजकूर सांकेतिक लिपीत असे, आणि ती लिपी उलगडायची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकून राही. नक्कल होऊ नये म्हणून केलेली ही योजना. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई, आणि धडधाकट दिसणारी पाटी कायमची मुकी होई.

हा ठेवा वाचवायचा कसा? याचं उत्तर आलं इटलीतून. फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाची एक प्रणाली लोकांसमोर ठेवली. जगभरच्या हौशी जाणकारांनी पुढं तिच्यात भर घातली. अशा प्रणालीला एम्युलेटर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बहुरूपी आहे! बहुरूपी फौजदार होऊन दारात आला की चाल फौजदाराची, बोलणं फौजदाराचं. तसा हा आजचा संगणक 'पॅकमॅन'च्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो. त्या यंत्रातला झेड-८० हा मेंदू सेकंदाला तीस लाखांवर ठोके घेई. मूळ पाटीवरून उतरवून घेतलेली आज्ञावली हा बहुरूपी एकेक आज्ञा करून वाचतो, आणि तो मेंदू जे करता ते स्वतः करून दाखवतो. 'पॅकमॅन'ची ती सारी आज्ञावली अवघी सोळा किलोबाइट, म्हणजे छापली तर पाच-सात पानं भरतील एवढीच!

सोंग किती हुबेहूब असावं? मूळ 'पॅकमॅन'मध्ये एक दोष होता. फेऱ्या मोजणारा आकडा २५५ च्या पुढं जाऊ शकत नसे. त्यामुळं २५६ व्या फेरीला हिशेब चुके आणि उजवीकडचा अर्धा पडदा अक्षरांच्या गोंधळानं भरून जाई. इमानी एम्युलेटर हा दोषही जसाच्या तसा दाखवतो. मूळ माणूस लंगडत असेल, तर बहुरूप्यानंही लंगडलंच पाहिजे. तो नीट चालू लागला, तर ती नोंद खोटी ठरेल. आपलं काम मुख्यतः जतनाचं आहे, खेळायला मिळतं हा त्याचा ओघानं आलेला लाभ, असंच या मंडळींचं म्हणणं आहे. कॅपकॉमची ती सांकेतिक लिपीदेखील २००७ साली पुरती उलगडली. त्या कामात साल्मोरिया यांचाही हात होता.

आता पेटीकडे वळू. २०१२ साली इंग्लंडमधून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला, आणि जुन्या कपाटांत बहुरूपी बसवण्याचा छंद पसरला. काम असं चालतं. दांड्याखाली आणि प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो, दाबला की टक् वाजणारा. त्याच्या दोन तारा एका लहान पट्टीवर आणतात. ती पट्टी संगणकाला कळवते, 'अमुक कळ दाबली.' पडदा जुना ठेवतात किंवा नवा चपटा लावतात. इथं एक इशारा देतो. जुन्या पडद्याच्या काचनळीत हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो आत दबा धरून राहतो. ते काम जाणत्या कारागिरानंच करावं. दुसरी गोष्ट कायद्याची. 'मेम' ही प्रणाली मोफत आहे, पण त्यामुळं खेळ मोफत होत नाहीत. त्यांचा हक्क मालकांकडेच राहतो.

मग खरा प्रश्न उरतो. कोणती पेटी बदलावी? काही जण म्हणतात, पेटी आपली, वाटेल ते करू. मालकांनी तरी दुसरं काय केलं? ते खोटं नाही. पण त्या मालकांना पोट भरायचं होतं. आपण तर जुन्याच्या प्रेमानं हे करायला निघालो आहोत. जुन्याच्या प्रेमापोटी जुनं मोडायचं, हे कसं? म्हणून माझं मत असं: पेटी आतून रिकामी असेल, पाटी कायमची मेली असेल, तर बहुरूपी खुशाल बसवा. पाटी जिवंत असेल, तर तिला हात लावू नका. लावायचीच वेळ आली, तर लाकूड कापू नका, तारा तोडू नका आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. बहुरूपी कितीही सरस असला, तरी त्याला सोंग उतरवून घ्यायला एक अस्सल यंत्र कुठंतरी उरावं लागतं.

शिक्षक मित्रांनो, आपल्या शाळेच्या अडगळीतही एखादा जुना रेडिओ असेल, सायक्लोस्टाइल यंत्र असेल. जडसंग्रह नोंदवहीत त्यापुढं 'निरुपयोगी' असा शेरा पडण्याआधी मुलांना ते उघडून दाखवा. कोणत्या साली आलं, कोण वापरी, आत काय आहे, याची पानभर नोंद त्यांच्याकडून लिहून घ्या. पेटीत पुढं काहीही बसो, आधी काय होतं हे त्या पानावरून कळेल.